हॅरी डॉकस्टनची अमेरिका

पोझेगा, ३ ऑक्टोबर १९७१

प्रिय मिलुतिनदादा,

मी एक गुन्हा केलाय. खरं सांगायचं तर चार केलेत, आणि चारही छापून आलेत.

तिकडे तुला माहीत नसेल, पण इथे खुराड्याएवढ्या प्रत्येक टपरीवर 'सातवा गुन्हा' नावाचं मासिक मिळतं. स्वस्त पिवळट कागद, वर रंगीत चित्र, आत एक अख्खी खुनाची कथा. त्यात या वसंतापासून हॅरी डॉकस्टन नावाचा एक अमेरिकन लेखक गाजतोय. दादा, तो हॅरी डॉकस्टन म्हणजे मी. तुझी मावसबहीण, सहावी ते आठवीची भूगोलाची बाई.

झालं असं, की मी एक गोष्ट लिहून बेलग्रेडला पाठवली. संपादक झारिच यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "बाई, गोष्ट झकास. पण खून पोझेग्यात कशाला केलात? पोझेग्यात खून झाला तर खुनी कोण ते न्याहारीच्या आत सगळ्या गावाला कळेल. शिकागोत करा. आणि नेवेंका पेत्रोनियेविच हे नाव बघून कोण घाबरणार?" नाव मी तिथल्या तिथे बनवलं.

आता अडचण अशी. मी मुलांना शिकागोचे अक्षांश-रेखांश तोंडपाठ सांगते, पण शिकागोतल्या भाड्याच्या खोलीचं दार आत उघडतं की बाहेर, ते मला माहीत नाही. आणि माझं प्रेत दाराच्या मागे पडलंय! तू दहा वर्षं तिथे टॅक्सी चालवतोस. तुझ्याशिवाय कुणाला विचारू? टॅक्सीत बसताना लोक काय म्हणतात? फोन कसा लावतात? दारूच्या गुत्त्यातला माणूस गिऱ्हाइकाशी कसा बोलतो? सगळं सांग.

उत्तर लिहिताना दोन कागद घाल. एक स्तानामावशीला वाचून दाखवायचा, एक माझा. शाळेत कळलं तर माझी धडगत नाही. मावशी ठणठणीत आहे. 'माझ्या मिल्याची टॅक्सी' हा विषय निघाल्याशिवाय तिचं दूध डेअरीत मोजलं जात नाही.

तुझी,
नेवेंका


शिकागो, २९ ऑक्टोबर १९७१

प्रिय नेवे,

तू? उंदीर दिसला म्हणून आजोबांच्या डोक्यावर चढू पाहणारी तू खून करतेस? मी दोन दिवस हसतोय.

दार आत उघडतं. प्रेताला धडकून अडतं, मग पोलीस खांद्यानं ढकलतात. फोन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात असतो, पाच सेंटचं नाणं टाकायचं. गुत्त्यातला माणूस एकच पेला फडक्यानं पुसत बसतो आणि म्हणतो, "मी काही पाहिलं नाही. पण जे पाहिलं नाही ते असं होतं..." टॅक्सीत बसणारा आधी मागे वळून पाहतो, मग म्हणतो, "त्या काळ्या गाडीच्या मागे घे, आणि प्रश्न विचारू नकोस." सगळे पुरुष हॅट घालतात. एखाद्यानं तुझ्यासमोर हॅट काढली तर तो पाद्री तरी असतो, नाहीतर मेलेला. तळ्यावरून धुकं येतं आणि धुक्यात ट्रामची घंटा वाजते. घंटेच्या आवाजात पिस्तुलाचा आवाज दडतो, हे लक्षात ठेव.

माझं झकास. टॅक्सी आता एक नाही, दोन आहेत. दुसरीवर एक ग्रीक ठेवलाय. टाइपरायटर घेतलाय म्हणून पत्रं अशी छापील येतात, आईला सांग रागावू नकोस.

आईकडे आहे तोच पत्ता ठेव. पत्रं त्याच खानावळीत पाठव, मालक आपल्याकडचाच आहे.

मिलुतिन


पोझेगा, १६ जानेवारी १९७२

दादा,

तुला काय सांगू! ट्रामच्या घंटेतला खून झारिचना इतका आवडला की त्यांनी दहा हजार प्रती जास्त छापल्या. म्हणाले, "डॉकस्टनला आता वास यायला लागला अमेरिकेचा."

शिक्षकांच्या खोलीतली गंमत ऐक. भाषेचे सर ओब्राद या मासिकावर इतकं तोंडसुख घेतात, "पोरांची डोकी नासवणारा कचरा!" परवा मी त्यांच्या खणातून खडू काढायला गेले, तर खडूखाली मी! म्हणजे हॅरी. पान दुमडलेलं. मी विचारलं, "सर, हे?" म्हणाले, "जप्त केलंय." मी म्हटलं, "कुणाकडून?" तर म्हणाले, "तुम्ही भूगोल शिकवा."

मला आता याचंच कुतूहल लागलंय. लोक का वाचतात हे? टपरीवाल्या बाईनं सांगितलं, दवाखान्यातली मोठी डॉक्टरीण घेते, लाकूड कारखान्यातला हमालही घेतो, आणि दोघं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. म्हणून मी प्रयोग केला. स्तानामावशीला एक अख्खी गोष्ट वाचून दाखवली, मी लिहिलीय हे न सांगता. ती लोकर विंचरत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "बरं आहे. माझं डुक्कर कोणी चोरलं ते सव्वीस वर्षं झाली तरी कळलेलं नाही. इथे शेवटच्या पानावर कळतं तरी." आणि मग विचारलं, "दुसरी आहे का?"

तर दुसरीसाठी मला हवंय: श्रीमंत विधवेचा बंगला, तिचा वकील, आणि तळघर.

नेवेंका


शिकागो, ११ फेब्रुवारी १९७२

नेवे,

विधवा हिरवा झगा घालते आणि दु:ख झाल्यासारखं बोलत नाही. वकिलाच्या बोटात अंगठी हवी, जी आधी नवऱ्याच्या बोटात होती. तळघरात कोळसा. कोळसा हलवलेला दिसला पाहिजे.

आणि एक सांगतो, राग मानू नकोस. तू सुरुवातीला हवामान फार सांगतेस. भूगोलाची बाई लगेच ओळखू येते. पहिल्या ओळीत कुणीतरी दार वाजवू दे. दार वाजलं की माणूस पान सोडत नाही. बंगला कसा होता ते आत गेल्यावर सांग. आणि खुनी असा माणूस हवा ज्याला वाचणाऱ्यानं पहिल्या दहा पानांत चहा पिताना पाहिलंय. अनोळखी खुनी म्हणजे फसवणूक.

हे सगळं टॅक्सीत बसून बसून कळतं. माणसं बोलतात.

तुझी ट्रामची कथा मी दोनदा वाचली. खानावळीच्या मालकानं मागून घेतली, अजून परत दिली नाही.

मिलुतिन


पोझेगा, ९ सप्टेंबर १९७२

प्रिय दादा,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं.

कोतोरच्या एका खलाशाचं पत्र मासिकाकडे आलं. झारिचनी ते मला दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले. खलाशी लिहितो: "आदरणीय डॉकस्टनसाहेब, मी तुमची एकही कथा चुकवत नाही. या उन्हाळ्यात आमची बोट शिकागोला लागली, तेव्हा तुमचं पुस्तक हातात घेऊन मी हिंडलो. ट्राम बंद होऊन चौदा वर्षं झाली. पाच सेंटात फोन लागत नाही, दहा लागतात. हॅट घालणारा मला एकच दिसला आणि तो माझ्या आजोबांच्या वयाचा होता. साहेब, तुम्ही शिकागो कोणत्या साली सोडलंत?"

मी आधी खलाशावर चिडले. मग मला राहवेना. हॅरी डॉकस्टनचा तपास करणारा माणूस जे करतो तेच मी केलं. मावशी तुझी पाकिटं बिस्किटांच्या डब्यात ठेवते. ती शेतात गेल्यावर मी डबा उघडला. सगळी पाकिटं ओळीनं मांडली. दादा, वर तू शिकागो लिहितोस, पण शिक्का लेकफोर्डचा आहे. एकावरही शिकागोचा नाही. नकाशात पाहिलं: तळ्याच्या खालच्या टोकाला, दुसऱ्याच राज्यात, पोलादाचं गाव. शिवाय १९७०च्या वसंतापर्यंत सगळं हातानं लिहिलेलं, नंतर सगळं टाइप केलेलं. सहीसुद्धा कोंबडीनं पाय फिरवल्यासारखी.

पत्रं दुसऱ्याच्या पत्त्यावर. शहर तीस वर्षांपूर्वीचं. आणि गुन्हेगार कसे बोलतात, तळघरात काय लपवतात, हे तुला तोंडपाठ.

मी एकदाच विचारते आणि तुझ्याशिवाय कुणाला कळू देणार नाही. तू तुरुंगात आहेस का?

नेवेंका


पोझेगा, १२ डिसेंबर १९७२

दादा,

तीन महिने झाले. माझं चुकलं. असं विचारायला नको होतं. मावशी रोज पोस्टात जाते. मी तिला सांगितलंय की तिकडे टपालवाल्यांचा संप आहे. ती म्हणाली, "इतके दिवस संप करून ते खातात काय?"

तू काहीही असलास तरी दोन ओळी टाक.

नेवे


लेकफोर्ड, ४ फेब्रुवारी १९७३

प्रिय नेवे,

या वेळी गाव खरं लिहिलंय.

तुरुंगात नाही. तुरुंगात असतो तर सांगण्यासारखं काहीतरी असतं.

मी आयुष्यात टॅक्सी चालवलेली नाही. मला गाडी चालवता येत नाही. बासष्ट साली आलो आणि आठव्या दिवशी इथल्या पोलाद कारखान्यात भट्टीवर लागलो. तुला आठवतं, बाबा विटांच्या भट्टीत भाजून गेले तेव्हा आईनं मला काय करायला लावलं? बाबांच्या डोक्यावरची टोपी हातात देऊन शपथ घ्यायला लावली, की आगीच्या जवळ काम करणार नाही. मी सोळा वर्षांचा होतो. मग इथून पहिलं पत्र लिहायला बसलो आणि भट्टी हा शब्द हातातून उतरेना. खिडकीतून एक पिवळी टॅक्सी जात होती. लिहिलं, टॅक्सी चालवतो.

खोटं एकदा बोललं की त्याला दर महिन्याला खाऊ घालावं लागतं. आई विचारायची, टॅक्सी कशी आहे. मी धुतली म्हणायचो, रंगवली म्हणायचो. मग तूच सांग, दहा वर्षांत माणूस दुसरी टॅक्सी घेणार नाही का? घ्यावी लागली.

सत्तरच्या मार्चमध्ये एका साखळीत हात सापडला. तीन बोटं गेली. भट्टीवर पुन्हा घेतलं नाही. आता मी डुडेकबाई नावाच्या पोलिश विधवेच्या इमारतीत झाडलोट करतो आणि तळघरातला बॉयलर सांभाळतो. पोट भरतं. बाई चांगली आहे, आरडाओरडा करते पण सूप पाठवते.

त्या तळघरात अकरा खोकी होती. कुणी भाडेकरू मेला, त्याची. बाई म्हणाली, जाळून टाक. उघडली तर सगळी मासिकं, आपल्या 'सातव्या गुन्ह्या'सारखीच, पण माझ्या लहानपणीच्या काळातली. पहिला गठ्ठा मी जाळला. दुसऱ्याच्या वर एक चित्र होतं. हिरव्या झग्यातली बाई घड्याळाकडे बघतेय आणि तिच्यामागच्या पडद्यातून एक हात बाहेर आलाय. नेवे, तो हात कुणाचा, हे कळल्याशिवाय मला ते आगीत टाकवेना. मला इंग्रजी येत होतं ते भट्टीवरचं: उचल, थांब, सांभाळ. शब्दकोश घेतला. तीन आठवड्यांनी कळलं हात कुणाचा. वकिलाचा.

मग मी सगळी वाचली. दवाखान्यातून आल्यावर भिंतीकडे बघत बसायचो, ते सुटलं. आज काय करायचं याला उत्तर मिळालं: पुढचं पान. इंग्रजीही तिथूनच शिकलो, त्यामुळे ते तसंच आहे. हाताची तपासणी करणाऱ्या डॉक्टरिणीला मी म्हणालो, "पत्ते टेबलावर टाक, सुंदरी, मला खरं पचतं." ती बिचारी हसता हसता खुर्चीत बसली. पोस्टातल्या माणसाला तिकीट मागताना काय म्हणालो ते लिहीत नाही, त्यानं हात वर केले होते.

तर तुला पाठवलेली शिकागो त्या अकरा खोक्यांतली. खरी मी महिन्यातून एकदा पाहतो. तुझं पत्र आणायला बसनं खानावळीत जातो, कोबीचं सूप पितो, परत येतो. तू टॅक्सीवाल्याला विचारत होतीस, त्यामुळे नाही म्हणता येईना. नंतर नाही म्हणावंसं वाटेना. तू छापलेलं वाचलं की वाटायचं, या तळघरातून काहीतरी बाहेर पडतंय.

आईला सांगायचं की नाही, तू ठरव. मला धीर नाही.

मिलुतिन


पोझेगा, १ मार्च १९७३

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचून मी शाळेत गेले आणि सहावीच्या वर्गात चुकून आफ्रिकेऐवजी अमेरिकेचा नकाशा टांगला. अर्धा तास मला कळलं नाही, मुलांनीही सांगितलं नाही.

मावशीला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. रविवारी ती आली. पोस्टमननं तिला सांगून टाकलं होतं की पत्र आलंय. चूल पेटलेली होती, तिनं कायमाक, आपली ती दाट खारट साय, आणला होता, डब्यातून काढून ताटलीत ठेवला आणि समोर बसली. "वाच." मी तुझं पत्र हातात धरलं आणि दुसरंच वाचायला लागले. दादा, मी महिन्याला एक गोष्ट रचते, मला वाटलं एक पत्र काय अवघड आहे! म्हटलं, दोन्ही टॅक्स्या दुरुस्तीला होत्या, संप होता, ग्रीकानं एका पळून जाणाऱ्या चोराला पकडून दिलं, महापौरांनी तुझ्याशी हात मिळवला...

मावशी म्हणाली, "थांब."

मी थांबले.

"गायीचं विचारलं का त्यानं?"

"येतंय, मावशी, पुढे येतंय."

"नाही येत. माझा मिल्या पहिल्या ओळीत गाय विचारतो. हे तुझ्या त्या हॅरीचं बोलणं आहे."

मी म्हटलं, "कोणता हॅरी?"

"नेवेंका, मी निरक्षर आहे, बहिरी नाही. त्या पुस्तकात विधवा 'अगं बाई माझे पाय' म्हणत खुर्चीत बसते. शिकागोत असं कोण म्हणतं? मी म्हणते." मग एप्रनला हात पुसून म्हणाली, "आता खरं वाच."

मी वाचलं. सगळं, टोपीसकट. तीन बोटांपाशी आले तेव्हा तिनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं, मांडीवर पालथे ठेवलेले. मी पत्र संपवलं, घडी घातली. मग तिनं विचारलं,

"कोणता हात?"

मी पत्र पुन्हा उलटसुलट पाहिलं. तू लिहिलेलंच नाहीस. म्हटलं, "त्यानं सांगितलं नाही." ती उठली आणि न जेवता निघून गेली.

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. रस्त्यात दिसली तर पलीकडच्या बाजूनं जाते. काल मात्र दारात दुधाचं भांडं ठेवून आत न येता ओरडली, "लिहिलंस का विचारायला?"

लिहितेय. कोणता हात, दादा?

नेवे


लेकफोर्ड, ३० मार्च १९७३

नेवे,

उजवा.

आईला सांग, अंगठा आणि करंगळी शाबूत आहेत. चमचा धरता येतो, झाडू धरता येतो, बुटाची नाडी बांधता येते, थोडा वेळ लागतो. थंडीत दुखतं. सांगू नकोस ते. नाही, सांग. आता सगळंच सांग.

सोबत बावीस पानं आहेत. हसू नकोस. खोकी संपली, वाचायला काही उरलं नाही, तेव्हा एका बोटानं टाइप करत बसलो. यात शिकागो नाही. एका पोलादाच्या गावातली भाड्याची इमारत आहे, आणि तिथला झाडूवाला. एक भाडेकरू नाहीसा होतो. पोलीस म्हणतात, पळाला. झाडूवाल्याला माहीत आहे की तो पळाला नाही, कारण तो रोज त्याचा कचरा काढतो आणि शेवटच्या दिवशीच्या कचऱ्यात त्याचा चष्मा होता. बॉयलरच्या राखेत काय सापडतं ते पुढे लिहिलंय. पुढचं मला जमत नाही. तुला उपयोग झाला तर घे.

येण्याचं विचारू नकोस. अख्ख्या गावाला माझ्या दोन टॅक्स्या माहीत आहेत. कोणत्या तोंडानं बसमधून उतरू?

आणि गाय कशी आहे? मागच्या पत्रात खरंच राहिलं.

मिलुतिन


पोझेगा, २ मार्च १९७४

प्रिय दादा,

वर्षभरात तुझी सहा पत्रं आली, पानं आली, 'येतो' हा शब्द आला नाही.

आता ऐक. तुझा झाडूवाला घेऊन मी झारिचकडे गेले तेव्हा ते काय म्हणाले, हे मी तुला लिहिलं नव्हतं. म्हणाले, "बाई, तुम्हाला बरं नाही का? अमेरिकेत झाडूवाला? अमेरिकेत कोबीचं सूप? लोक हे विसरायला आपलं मासिक घेतात." मी म्हटलं, "हीच अमेरिका खरी आहे." ते म्हणाले, "खरी असेल, पण अमेरिकेसारखी वाटत नाही." सहा महिने नाही म्हणत राहिले. शेवटी मी सांगितलं, हे छापा, नाहीतर हॅरी डॉकस्टन मेला असं समजा. डिसेंबरच्या अंकात छापलं, तेही चित्रात झाडूवाल्याच्या हातात पिस्तूल देऊन. तो गोष्टभर पिस्तुलाला शिवत नाही.

खप कमी झाला. नेहमीपेक्षा चार हजारांनी. झारिचनी मला तो आकडा कागदावर लिहून दाखवला. पण दादा, पत्रं! हॅरीला आजवर कधी आली नाहीत इतकी. बोर गावच्या खाणीतला एक जण लिहितो की आमचा बॉयलरवाला अगदी असाच आहे, त्याला तपास करायला लावा. नोव्ही सादच्या हॉटेलातली एक सफाईवाली लिहिते, "साहेब, कचऱ्यातून माणूस कळतो हे तुम्हाला कसं माहीत? माझ्या नवऱ्यालाही अजून पटत नाही." खलाशानं एकच ओळ पाठवली: "आता तुम्ही खरोखर तिथे आहात." ओब्रादसरांनी तर अंक खणात लपवला नाही, टेबलावर ठेवला. मी विचारलं, "जप्त केलाय?" म्हणाले, "नाही. हा विकत घेतला." पत्रांचा गठ्ठा पाहून झारिच म्हणतात, झाडूवाला पुन्हा आणा, वर्षातून दोनदा. पिस्तूल ते सोडणार नाहीत.

आधी मला वाटायचं, लोक वेगळं जग बघायला हे वाचतात. आता तितकी खात्री नाही. कदाचित दूरचं नाव लावलं की आपलंच घर न लाजता बघता येतं. मला अजून नीट उमगलेलं नाही, उमगलं की कळवीन.

मावशीनं ती गोष्ट माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. तिसऱ्या वेळी विचारलं, "या झाडूवाल्याला मागे कुणी नाही का?" मी म्हटलं, "गोष्टीत तसं काही नाही." "मग घाल," ती म्हणाली. आणि लगेच, "कागद घे. मी सांगते ते लिही."

खाली तिचे शब्द आहेत.

"मिल्या,

नेवेंका लिहितेय, मी सांगतेय. एक शब्द इकडचा तिकडे केलास तर तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही, असं तिला बजावलंय.

मी तुझ्यावर रागावले आहे. भट्टीवर गेलास म्हणून एक राग, अकरा वर्षं खोटं बोललास म्हणून दुसरा. दोन्ही तू समोर आल्यावर काढीन. पत्रात मावत नाहीत.

तुझ्या बापाची टोपी मी तुझ्या हातात द्यायला नको होती. पोरगा होतास. ते माझं चुकलं.

गावाची भीती मला घालू नकोस. गावाला मीच सांगितलं. डेअरीत, सगळे रांगेत उभे असताना. म्हटलं, टॅक्सी नाही, एकही नाही, मुलगा झाडलोट करतो आणि त्याची तीन बोटं गेलीत. राद्मिला हसली. तिला म्हटलं, हस, तुझ्या नवऱ्याला दहाही बोटं आहेत आणि त्याच्यानं अजून कुंपण उभं झालेलं नाही. मग ती नाही हसली. दुसऱ्या दिवशी अंडी घेऊन आली.

दोन टॅक्स्या नाहीत ते बरंच झालं. अंगणात मी मिरच्या लावते, गाड्या कुठे उभ्या केल्या असत्यास?

गाय म्हातारी झालीय. वासरू आहे. धार मी काढीन, तू बादली धर.

ये. राहायला ये नाहीतर भेटायला ये, ते तुझं तू बघ. पण कधी येणार ते लिही, आणि या वेळी खरी तारीख लिही. मागे दोनदा 'पुढच्या उन्हाळ्यात' म्हणालास आणि दोन्ही वेळा मी घराच्या भिंतींना सफेदी केली.

तुझी आई,
स्ताना"

दादा, तिनं खाली अंगठा उठवला आहे. शाई माझ्या पेनातली.

नेवे


तार
लेकफोर्ड, २५ मार्च १९७४
स्ताना यांस, नेवेंका पेत्रोनियेविचमार्फत

चौदा जून दुपारची बस. तिकीट काढलं. सफेदी कर. मिलुतिन